गुडघ्याखालचं कापड: ट्रेकच्या पँटीच्या नोंदी

१ जून २०२४, शनिवार

गेल्या ऑगस्टमध्ये लोहगड उतरताना वहिनींच्या दोन्ही मांड्या आतून सोलवटल्या. जीन्स घातली होती. सकाळी आठपासून पावसात भिजलेली ती जीन्स दुपारपर्यंत ओल्या पोत्यासारखी जड झाली आणि पावलागणिक घासायला लागली. गणेश दरवाजाच्या पायऱ्यांवर आम्ही चौघींनी आडोसा धरला, त्यांनी जीन्स काढून माझी ओढणी लुंगीसारखी गुंडाळली आणि तशाच गावापर्यंत उतरल्या. आठवडाभर नीट चालता येत नव्हतं. त्यानंतर त्या एकाही ट्रेकला आल्या नाहीत.

आमच्या सोसायटीतल्या आम्ही अकरा जणी, वय सव्वीस ते एकसष्ट. दर ट्रेकच्या आदल्या रात्री ग्रुपवर हमखास येणारा प्रश्न म्हणजे हाफ पँट घालू की फुल? उत्तर जिच्या मनाला येईल ते. कुणी म्हणतं पावसात हाफच बरी, कुणी म्हणतं साप-किरडू असतं, फुलच घाला. दोन्ही बाजूंना अनुभव आहे, पण तो कुठल्या वाटेवरचा, कुठल्या महिन्यातला, हे कुणी सांगत नाही.

यंदा पावसाळा ते थंडी पाच ट्रेक ठरले आहेत. प्रत्येक ट्रेकला निम्म्या जणी हाफमध्ये, निम्म्या फुलमध्ये. घरी आल्यावर प्रत्येकीने तीन गोष्टी सांगायच्या: पायाला काय लागलं, कापडाचं काय झालं, आणि मनाला कसं वाटलं. मी लिहून ठेवणार. जे हाती लागेल त्यावरून आमच्या गल्लीतल्या शिंपीकाकांकडून पँट शिवून घ्यायची, असा बेत आहे.

८ जून, शनिवार

आज स्वयंपाकघरातला वजनकाटा कामाला लावला. पाच कपडे आधी कोरडे तोलले, मग बादलीत अर्धा तास बुडवून, पिळून, दहा मिनिटं निथळत ठेवून पुन्हा तोलले.

जीन्स ६४० ग्रॅमची १२१० झाली. होजिअरीची सुती ट्रॅक पँट ३८० वरून ७९०. मुलाच्या शाळेच्या गणवेशातली टेरिकॉटची जुनी पँट ३३० वरून ५२०. नायलॉन-लायक्राची, होजिअरीची नव्हे तर मागावर विणलेल्या कापडाची पँट २६० वरून ३४५. आणि त्याच कापडाची हाफ पँट १४० वरून १८५.

कारण साधं आहे. सुताचा धागा पाणी आत ओढून घेतो. हवेतल्या नेहमीच्या दमटपणातसुद्धा सूत आपल्या वजनाच्या साधारण साडेआठ टक्के पाणी धरून बसतं, नायलॉन चार टक्के, पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. भिजल्यावर नायलॉन-पॉलिएस्टरमध्ये पाणी राहतं ते धाग्यांच्या मधल्या फटींत, ते झटकलं-पिळलं की जातं.

पण वजनापेक्षा मला खटकली ती वेगळीच गोष्ट. ओली जीन्स घालून मी जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या चढून पाहिल्या. गुडघा वर उचलला की कापड मांडीला चिकटून बसतं, सरकत नाही. मग प्रत्येक पाऊल कापडाशी ओढाताण करून टाकावं लागतं. गडाच्या हजार पायऱ्यांना ही ओढाताण हजार वेळा होते, आणि जिथे ती होते तिथेच कातडी सोलते.

वाळायला: पंख्याखाली नायलॉन साडेतीन तास, टेरिकॉट आठ. दुसऱ्या दिवसाची भर: जीन्स अजूनही कंबरपट्ट्यात ओलसर.

जीन्स आणि सुती ट्रॅक पँट यादीतून कायमच्या बाद. इथे चर्चेला जागाच नाही.

२३ जून, रविवार. राजमाची

लोणावळ्याकडून उधेवाडीची वाट. ही जवळजवळ सगळी गाडीवाट आहे, रुंद, लाल मातीची, मध्ये दोन-चार ओढे. पाऊस दिवसभर अंगावर.

इथे हाफ पँट निर्विवाद. पायाला काही लागायलाच मुळी काही नव्हतं. ओढ्यात गुडघाभर पाण्यातून हाफवाल्या सरळ चालत गेल्या, पलीकडे जाऊन पाय झटकले, झालं. फुलवाल्यांच्या पँटींचे बॉटम चिखलाने भरले, बुटांवर लोंबायला लागले. श्रीवर्धनच्या बालेकिल्ल्यावर मात्र वारा सुटला तेव्हा हाफवाल्यांच्या पोटऱ्यांवर काटा आला. खाली उतरल्यावर तो गेला, म्हणून ते फार मोजत नाही.

एक सुधारणा: सैल हाफ पँटही ओली झाली की मांड्यांना घासते. तिघींनी आत सायकलिंगची घट्ट चड्डी घातली होती, त्यांना काही झालं नाही. बाकीच्यांनी निघताना खोबरेल तेल चोळलं होतं, ते दोन तास टिकलं.

मनाचं: सहापैकी दोघींना उधेवाडीत जेवायला बसताना पाय उघडे असल्याचा संकोच वाटला. गावातलं कुणी काही बोललं नाही, वाकडं बघितलं नाही. तरी वाटलं. एकसष्ट वर्षांच्या काकू म्हणाल्या, "अगं, दुसऱ्याच्या ओसरीवर बसायचं तर गुडघे झाकलेले बरे वाटतात, एवढंच." मी ही गोष्ट खरचटण्याइतकीच खरी धरते आहे. ज्या कपड्यात जेवणाचा घास नीट उतरत नाही तो कपडा सोयीचा नाही.

१४ जुलै, रविवार

आज ट्रेक नाही, पाऊस फार. आधीच्या नोंदी वाचल्या. एका वाटेवरून मत बनवू नये हे आत्ताच लिहून ठेवते, कारण ग्रुपवर "हाफच बेस्ट" असं ठरून गेलंय.

१८ ऑगस्ट, रविवार. आंबोली

उद्या राखी, म्हणून सावंतवाडीला भावाकडे आले आहे. सोबत दोघी मैत्रिणी. काल संध्याकाळी आणि आज सकाळी भावाबरोबर आंबोलीच्या रानातून चाललो. वाट म्हणजे पानांचा ओला थर, खाली काय आहे ते दिसत नाही.

जळवा. आधी एक दिसली, मग दिसतच गेल्या. पानाच्या टोकावर मागच्या टोकाने चिकटून उभी असते आणि पुढचं टोक हवेत फिरवत असते, काहीतरी हुंगत असल्यासारखं. पायाची धमक, अंगाची ऊब, श्वास यांचा तिला सुगावा लागतो. मग मोजमाप घेतल्यासारखी टांगा टाकत बुटावर येते. बारीक असते तेव्हा ती काडीपेक्षा जाड नसते, मोज्याच्या विणीतून सहज आत जाते.

मी हाफमध्ये होते, एक मैत्रीण हाफमध्ये, दुसरी फुल पँटमध्ये. माझ्या पायावर सात चढल्या, सातही दिसल्या, पाच चावायच्या आत नखाने उडवल्या. फुल पँटवाली निश्चिंत होती. घरी येऊन पँट काढली तेव्हा उजव्या पोटरीवर दोन आणि गुडघ्यामागे एक, तिन्ही फुगून टम्म, आणि पँटीचा आतला भाग रक्ताने माखलेला. जळू चावते तेव्हा दुखत नाही, आणि तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारं द्रव्य असतं, म्हणून ती सुटल्यावरही जखम वाहत राहते. मैत्रीण घाबरून रडायला लागली. वहिनीने, म्हणजे भावाच्या बायकोने, जखमा साबणाने धुवून कापूस दाबून धरला आणि तिला चहा दिला.

म्हणजे नुसती फुल पँट काही वाचवत नाही. खालून मोकळी असेल तर ती जळवेला आडोसा देते. भाऊ स्वतः कसा जातो ते बघितलं: फुल पँट, तिचे बॉटम मोज्यात कोंबलेले, मोजे घट्ट विणीचे, आणि पँट फिक्या रंगाची. फिक्या कापडावर जळू चढताना लगेच दिसते. काळ्या पँटीवर दिसत नाही. पुण्यात दुकानात ट्रेकची पँट मागितली की पहिली काळी दाखवतात.

भावाने आणखी एक सांगितलं, ते पुण्याच्या कुणाला माहीत नव्हतं. खाली दोडामार्ग-बांद्याच्या पट्ट्यात माकडताप आहे, तो रानातल्या गोचिडींमुळे होतो, आणि त्याचे दिवस पावसाळ्यातले नव्हेत, हिवाळा ते उन्हाळा. तिकडे काजूच्या बागेत काम करणारे लोक त्या दिवसांत पाय झाकून, अंगाला औषध लावून जातात. पाय झाकायचं कारण इथे काटा नाही, ताप आहे.

२२ सप्टेंबर, रविवार. हरिश्चंद्रगड, पाचनईकडून

आजची नोंद लांब होणार.

पाचनईतून आम्ही गावातल्या एका मावशींना सोबत घेतलं. वर देवळापाशी त्यांची पिठलं-भाकरीची झोपडी आहे, तिकडे त्या निघाल्याच होत्या. वय साठीच्या पुढे असावं. डोक्यावर पाटी, अंगावर काष्टा घातलेलं नऊवारी लुगडं, पायात प्लास्टिकचे बूट. आमच्यात सहा जणी फुलमध्ये, पाच हाफमध्ये.

सुरुवातीला कड्याखालची वाट, डोक्यावर पुढे आलेला खडक, एका बाजूला दरी. इथे सगळ्याच सारख्या. पुढे ओढा लागला. मावशींनी चालता चालता एका हाताने लुगडं गुडघ्याच्या वर ओढून कंबरेला खोचलं आणि पाण्यातून गेल्या. पलीकडे गवत सुरू झालं. कमरेएवढं, ओलं, कडा धारदार. त्यांनी खोचलेलं सोडलं, लुगडं पोटरीच्या खाली आलं. गवत संपून सपाट कातळ आला, पुन्हा वर. कारवीच्या दाटीत पुन्हा खाली. मी मागे चालत मोजत होते. देवळापर्यंत त्यांनी सहा वेळा लुगडं वर-खाली केलं. एकदाही थांबल्या नाहीत, एकदाही पाटीला दुसरा हात लावावा लागला नाही.

आमच्या हाफवाल्या पाच जणींच्या पोटऱ्यांवर गवताच्या पात्यांचे बारीक, लाल, लांब ओरखडे. घाम लागून त्यांची आग होत होती. फुलवाल्या कोरड्या कातळावर उकडून हैराण, ओढ्यात बूट-पँट सगळं चिंब.

झोपडीत पिठलं खाताना मी मावशींना विचारलं, "मावशी, तुम्ही मगाशी सारखं लुगडं वर-खाली का करत होता?"

त्यांना प्रश्नच कळेना. मग म्हणाल्या, "वाट बघून करायचं ना बाई. पाण्यात भिजवायचं कशाला आन् गवतात पाय उघडा टाकायचा कशाला?"

मी जूनपासून हाफ की फुल असं लिहिते आहे. इथे डोंगरात जन्म गेलेल्या बाईला तो प्रश्नच पडलेला नाही, कारण तिचा कपडा दोन्ही आहे. आम्ही सकाळी घरून निघताना दिवसभराची लांबी ठरवतो. वाट मात्र दर अर्ध्या तासाने बदलते.

आवणीच्या वेळी भातखाचरात उतरणारे बापे धोतर-लेंगा असाच वर घेतात, हेही मग आठवलं. लहानपणी आजोळी कितीदा पाहिलेलं.

केदारेश्वराच्या गुहेत पाणी कमरेच्या वर होतं, बर्फासारखं. दोघी जणी लिंगाला प्रदक्षिणा घालून आल्या. कोकणकड्यावर ढग होते, काही दिसलं नाही.

२६ सप्टेंबर, गुरुवार

बाजारात मिळणारी, गुडघ्यावर चेन असलेली, खालचा पाय सुटा होणारी पँट आणून पाहिली. दोन्ही हवं तर हीच की, असं तिघी म्हणाल्या. घरात पाच वेळा काढली-घातली. बूट घालून खालचा पाय निघत नाही, पोटरीपाशी बाजूला चेन असेल तरच निघतो, आणि तरी बसावं लागतं. दोन्ही चेना पुन्हा जुळवायला चार मिनिटं. सुटे पाय पिशवीत ठेवायचे, ते ओले, चिखलाचे. चढताना गुडघ्याच्या वर चेनेची रांग टोचते. लांबच्या, अनेक दिवसांच्या प्रवासाला चांगली असेल. दर अर्ध्या तासाला बदलायला नाही.

६ ऑक्टोबर, रविवार

शिंपीकाकांकडे दीड तास. दुकानात नवरात्राच्या घागऱ्यांचा ढीग होता, तरी त्यांनी वेळ दिला. मी त्यांना काष्ट्याची गोष्ट सांगितली. ते खडू खाली ठेवून ऐकत राहिले.

"म्हणजे ताई, तुम्हाला वर सरकणारी पाहिजे. मग बॉटम मोठा घ्यावा लागेल. पोटरीचं माप सांगा."

माझी पोटरी पंधरा इंच. काकूंची साडेसोळा. म्हणजे गुडघ्यावर चढायची तर बॉटमचा घेर सतरा-साडेसतरा हवा. पण एवढा बॉटम मोकळा सोडला तर आंबोलीची गत. काकांनीच मार्ग काढला: बॉटमला नेफा करून आत नाडी आणि ओढायचं बटण. सैल केलं की वर चढते, ओढलं की घोट्याला घट्ट. वर चढवलेली राहायला आतून शिवलेली सात इंचांची पट्टी, ती बाहेर येऊन गुडघ्याखालच्या बटणाला अडकेल.

मी म्हटलं, बटणाऐवजी वेल्क्रो करू, एका हाताने लागेल. त्यांना पटलं नाही, पण नमुना आहे म्हणून लावतो म्हणाले.

बाकीचं त्यांनी भराभर लिहून घेतलं. आसनात पतंगाच्या आकाराचा वेगळा तुकडा, म्हणजे टांग टाकताना चारही शिलाया एका जागी येऊन ताणणार नाहीत आणि उसवणार नाहीत. बसायच्या जागी आणि गुडघ्यांवर दुहेरी कापड. कंबरेला मागे इलॅस्टिक, पुढे नाडी, चेन-हूक काही नाही. हे शेवटचं सगळ्या जणींनी एकमुखाने मागितलं होतं. रानात लघवीला बसताना थंड बोटांनी हूक-चेन सांभाळत बसणं, आणि पँटीचे बॉटम ओल्या मातीत लोळणं, याचा त्रास प्रत्येकीला आहे आणि बोलत कुणीच नाही. घोट्याला नाडी ओढलेली असेल तर बॉटम जमिनीवर पडत नाहीत. खिसे दोन, खोल, चेनेचे, पूर्ण हात जाईल असे.

कापड रविवार पेठेतून आणलं, मातकट रंगाचं फोर-वे लायक्रा, म्हणजे आडवं-उभं दोन्हीकडे ताणणारं, घट्ट विणीचं. सव्वा मीटर.

१७ नोव्हेंबर, रविवार. कात्रज ते सिंहगड

परवा त्रिपुरी पौर्णिमा झाली, त्यामुळे काल रात्रभर चांदणं. जुन्या कात्रज बोगद्यापासून संध्याकाळी निघालो, एकामागून एक टेकड्या, पहाटे सिंहगडाच्या रस्त्याला लागलो. आठ जणी. हाफमध्ये तिघी, फुलमध्ये चौघी, मी शिंपीकाकांच्या पहिल्या नमुन्यात.

या महिन्यात या टेकड्यांवर राज्य कुसळाचं. गवत वाळून पिवळं झालेलं, आणि त्याची कुसळं पिकून गळायच्या बेतात. घरी आल्यावर एक कुसळ पांढऱ्या कागदावर ठेवून भिंगाखाली पाहिलं. खालचं टोक सुईसारखं, त्यावर मागे वळलेले बारीक ताठ केस. म्हणजे एकदा आत शिरलं की पुढेच जाणार, मागे येणार नाही. वर लांब, पीळ पडलेली शेपटी. तिच्यावर पाण्याचा एक थेंब सोडला. शेपटी हळूहळू उलगडत गोल फिरायला लागली, कागदावर स्वतःभोवती वळत सरकली. वाळली तशी पुन्हा पीळ घेतला. दंव पडलं की उलगडायचं, ऊन लागलं की पिळायचं, आणि असं फिरत फिरत बी मातीत रुतवायचं, ही त्या गवताची रीत. आपला मोजा त्याला मातीसारखाच.

हाफवाल्या तिघींचे मोजे पहाटेपर्यंत साळिंदरासारखे दिसत होते. घोट्याभोवतीची कातडी लाल, दोन ठिकाणी टोकं आत मोडलेली, चिमट्याने काढली. फुलवाल्यांत मात्र फरक पडला तो लांबीने नव्हे, कापडाने. होजिअरीच्या ट्रॅक पँटमध्ये कुसळं घुसून आतून टोचत होती, ती बाई हाफवालीपेक्षा जास्त वैतागली. घट्ट विणीच्या गुळगुळीत पँटीवरून ती घसरून गेली. माझ्या नमुन्यातून सगळ्या रात्रीत एकही आत आलं नाही.

पण वेल्क्रो. पहाटे बघते तर दोन्ही बाजूंचे वेल्क्रो गवताच्या काड्या, कुसळं, भुरभुरीत बिया यांनी गच्च भरलेले. चिकटेचना. अर्धा तास सुईने टोकरून साफ केलं तरी पहिल्यासारखं झालं नाही. काका बरोबर होते.

उतारांवर घसारा भयंकर. मुरमाड मातीवर पाय ठरत नाही, आठ जणींत मिळून अकरा-बारा वेळा बसायची वेळ आली. हाफवालीची एक मांडी चांगलीच खरचटली. दुहेरी कापडाच्या बैठकीला काही झालं नाही.

रात्रीच्या वाटेला एक कारण वेगळंही आहे. घोणस, फुरसं यांसारखे साप अंधारात वाटेवर असू शकतात, आणि चावा बहुतेक घोट्याच्या आसपास किंवा पोटरीला होतो. पँट म्हणजे चिलखत नव्हे. घोटा झाकणारा बूट, हातात काठी, आणि पाय टाकण्याआधी तिथे बॅटरीचा उजेड, हे आधी. त्यानंतर सैल, पायापासून सुटं राहणारं कापड असलं तर तेवढा एक पडदा जास्त. घट्ट लेगिंग्जने तो मिळत नाही. आमच्यातल्या दोघी लेगिंग्जवर येतात, त्यांना आज हे सांगितलं.

१ डिसेंबर, रविवार

एका मैत्रिणीला तापाने गाठलं होतं, ती आता बरी आहे. तिला डॉक्टरांनी पहिल्यांदा विचारलं ते, गेल्या दोन-तीन आठवड्यांत गवता-झुडपात गेला होतात का. तपासणीत तसलं काही निघालं नाही. पण त्यानिमित्ताने ग्रुपवर लिहून टाकलं: गवता-झुडपातल्या बारीक चिगर किड्यांच्या पिल्लांमुळे स्क्रब टायफस होतो, चावल्याचं कळत नाही, आणि दहा-बारा दिवसांनी ताप येतो. चावल्या जागी कधी कधी सिगारेटने भाजल्यासारखी काळी खपली दिसते. ट्रेकनंतर ताप आला तर डॉक्टरांना ट्रेकबद्दल आपणहून सांगायचं. वेळेत कळलं तर औषधाने बरा होतो. गवतात ऐसपैस बसायचं तर खाली काहीतरी पसरायचं, आणि घरी आल्याबरोबर कपडे वेगळे टाकून अंघोळ.

शिंपीकाकांनी दुसरा नमुना दिला. वेल्क्रो काढून काज-बटण. बटण मोठं, लाकडी टोप्यासारखं, हातमोज्यातूनही लागेल असं. पट्टी एक इंच लांब केली.

१२ जानेवारी २०२५, रविवार. नाणेघाट, वैशाखऱ्यातून

जुन्नरकडून गाडीने थेट घाटमाथ्यावर जाता येतं, पण आम्ही माळशेज उतरून खालून चढलो. आधी झाडीतली वाट, मग सातवाहनांच्या काळापासून पायांनी गुळगुळीत झालेल्या दगडी पायऱ्या.

झाडीत खाजकुयलीच्या वाळलेल्या शेंगा वाटेवर आल्या होत्या. सोनेरी मखमल दिसते, हात लावावासा वाटतो. मी सगळ्यांना आधीच थांबवून दाखवली. त्या मखमलीचा प्रत्येक केस कातडीत रुततो आणि त्यातल्या म्युक्युनेनमुळे आग-खाज सुटते. वाऱ्यानेही उडतात. तरी हाफमधल्या एकीचा गुडघा घासला गेलाच. चोळू नको म्हणून ओरडले, पण हात आपसूक जातो, आणि चोळलं की केस आणखी पसरतात. पहिल्या मदतीच्या डब्यातली चिकटपट्टी लावून-काढून बरेच केस निघाले, मग पाण्याने धुतलं. तासाभराने शांत झालं.

मी दुसऱ्या नमुन्यात. झाडीत बॉटम घोट्याला ओढलेले. पायऱ्यांवर ऊन लागलं तसे चालता चालताच वर घेतले, एका पायाला मी मनात मोजलं, नऊ अंक. बूट काढला नाही, बसले नाही. गुहेपाशी पोचल्यावर पुन्हा खाली सोडले. आत सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. तिथे बसून जेवताना काकूंनी माझ्या पायांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "माझी कधी शिवणार?"

एक दोष: वर घेतल्यावर गुडघ्यामागे कापडाची गुंडाळी जाड होते, जास्त वेळ बसलं की रुतते. मागच्या बाजूला दुहेरी कापड नको, फक्त गुडघ्याच्या वाटीवर ठेवायचं.

वर घाटमाथ्यावरच्या दगडी रांजणापाशी वारा छान होता.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन झाल्यावर सोसायटीच्या पार्किंगमध्येच टेबल मांडलं. शिंपीकाका फीत, वही आणि खडू घेऊन आले. कापड सगळ्यांचं एकदम आणायचं, मातकट रंग कायम. एका पँटीला कापड आणि शिलाई मिळून साडेनऊशे पडतील.

यावर्षीच्या ट्रेकच्या निरोपात कपड्यांची ओळ मी आता अशी लिहिणार आहे: आधी वाटेचं नाव, महिना, आणि वाटेवर काय आहे ते. गाडीवाट, ओढे, कमरेएवढं गवत, कुसळ, जळवा, घसारा, जे असेल ते. ज्यांच्याकडे नवी पँट नाही त्यांनी त्यावरून आपापलं ठरवावं. राजमाचीला जूनमध्ये हाफ घेऊन या म्हणून मी आग्रहाने सांगेन, आणि नोव्हेंबरात कात्रजच्या टेकड्यांवर तीच घालून आलीस तर परत पाठवेन.

दहा जणींची मापं झाली. काका वही मिटत होते तेवढ्यात जिन्यावरून वहिनी खाली आल्या. दीड वर्षाने. टेबलावर ठेवलेला नमुना त्यांनी उचलला, आसनातला चौकोनी तुकडा अंगठ्याने ताणून पाहिला, मग मांडीच्या आत जिथे शिलाई असते तिथून दोनदा बोट फिरवलं. शिलाई तिथे नव्हतीच, काकांनी ती पुढच्या बाजूला सरकवली होती.

"ही भिजली तर किती जड होते?" त्यांनी मला विचारलं.

"तीनशे पन्नास ग्रॅम. जीन्स बाराशे होती."

त्या काकांसमोर सरळ उभ्या राहिल्या. काकांनी वही पुन्हा उघडली, अकरावी ओळ घातली, आणि फीत कंबरेभोवती धरायला माझ्याकडे दिली.